वरच्या मजल्यावरचं विरजण

अव्वा, आज मी घरी दही लावलं. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. अक्कलकोट रोडला एकजण शेणखतावर चारा पिकवतात, कडवळावर औषध फवारत नाहीत. त्यांच्याकडचं म्हशीचं दूध सकाळी स्कूटीवरून आणलं. आमच्या जुळे सोलापुरात त्याला आता ऑर्गेनिक म्हणतात. तुला हा शब्द ठाऊक नव्हता. तू नुसतं दूध हुंगून सांगायचीस, "ह्या म्हशीनं फवारलेलं खाल्लंय बग."

गावाकडची म्हैस मीच तुला विकायला लावली. तुझे गुडघे गेले होते, आणि मला दर रविवारी तिकडं यायचा कंटाळा आला होता. तू एस.टी.नं लेकीकडं कायमची राहायला आलीस तेव्हा मांडीवर स्टीलचा डबा होता. कपडे नव्हेत, विरजण. मग रोज तेच. तू ओट्यापाशी उभी राहतेस, तापवलेलं दूध निवत ठेवतेस, करंगळी बुडवून बघतेस. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण गाडग्याला आतून फासून वरून दूध ओततेस. थंडीत गाडग्याभोवती चादर गुंडाळायचीस आणि मला दटावायचीस, "हलवू नगं. लागू दे की जरा."

त्या दुपारी माझ्या ऑफिसातल्या मॅडम जेवायला आल्या होत्या. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. तू गाडगं घेऊन थेट त्यांच्या ताटापाशी आलीस आणि हातानंच दह्याची कवडी काढलीस. "खावा की बाई, घरचं हाय. लई ग्वाड हाय." मॅडमनी ताट जरासं मागं ओढलं. मी घाईनं म्हणाले, "अव्वा, ते आंबलंय. आत ने." ते आंबलं नव्हतं. सकाळीच मी वाटीभर खाल्लं होतं. तू माझ्याकडं बघितलंस आणि गाडगं घेऊन आत गेलीस. मॅडम गेल्यावर माझा सगळा राग त्या गाडग्यावर निघाला. दही मोरीत ओतलं, वर पाणी सोडलं. तू दारात उभी होतीस.

"विरजणाला थोडं ठिवलंस का?"

"नाही."

"व्हय," एवढंच म्हणालीस.

त्यानंतर तू कधी दही लावलं नाहीस. मी डेअरीतून आणलेलं ताटाला लावलं की भाकरीनं बाजूला सारायचीस. वाटायचं, हट्ट आहे, जाईल. सात महिन्यांनी तूच गेलीस. बढती मिळाली होती तोवर.

आज दूध निवत ठेवलं आणि लक्षात आलं, घरात विरजण नाही. वरच्या मजल्यावरच्या मावशींकडं, आपल्या खालांकडं, वाटी घेऊन गेले. त्यांनी फ्रिजमधून दही काढलं आणि हसत म्हणाल्या, "ले जाओ की. ये तो तुमारी अम्मा काइच है." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, तू इथं आलीस त्याच आठवड्यात त्यांना विरजण दिलं होतंस. त्यांनी ते आजवर मोडू दिलं नाही. आणि शेवटच्या महिन्यांत, मी ऑफिसला गेले की तू कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत वर यायचीस आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दहीभात खायचीस. त्या गुडघ्यांनी, अव्वा. माझ्याबद्दल कधी वाईट बोलली नाहीस म्हणे. फक्त एकदा म्हणालीस, "लेकीला वास सोसत न्हाय."

वाटी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. खालांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "तुमको मालूम था ना, बेटा? वो वरती आते सो?"

मी "हो" म्हणाले.

हे लिहून झालं की कागद फाडणार आहे, म्हणून तुला सांगते. मला माहीत नव्हतं.