घोडा सोड

उस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला काही लिहितोय. समोर होतात तेव्हा 'येस उस्ताद'च्या पलीकडे तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि आता ऐकायला तुम्ही नाही तर मला कंठ फुटलाय. बोईसरच्या त्याच खोलीत राहतो. बायको गेली त्याला तीन वर्षं होतील. मुलगी लग्न होऊन वापीला. शेजारच्या खोल्यांत बिहारची, ओडिशाची पोरं शिफ्टप्रमाणे येतात-जातात. 'अंकल, पानी आया क्या?' एवढाच आमचा संवाद. रविवारी तर दुपार टळून जाते तरी मी कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. फार एकटं वाटतं हो. हे बाहेर सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, गार्डांना हत्यार शिकवणारा माणूस आणि रडतोय काय.

झालंय असं की आमच्या एजन्सीला स्वतःच्या लायसन्सवर चार नवी हत्यारं घ्यायचीत, आणि कोणती घ्यायची ते साहेबांनी माझ्या गळ्यात टाकलंय. एक पिस्तूल आहे, सिंगल अ‍ॅक्शन. त्याचा घोडा, म्हणजे मागची हातोडी, आधीच मागे चढलेला असतो, चापाचं काम फक्त तो सोडायचं. बोट टेकलं की सुटलंच. दुसरं आपलं जुनं रिव्हॉल्व्हर, डबल अ‍ॅक्शन. त्याचा चाप ओढला की त्याच ओढीनं घोडा आधी मागे जातो आणि मग पडतो, म्हणून ओढ लांब आणि जड. पण अंगठ्यानं घोडा आधीच चढवून ठेवला तर तेही सिंगलच होतं, हे तुम्हाला काय सांगायचं. माझ्या हाताखालचा नवा ट्रेनर म्हणतो, सर, निशाणा पाहिजे तर सिंगल घ्या. खोटं नाही बोलत तो. हलक्या चापाला हात हलत नाही, गोळ्या एका जागी बसतात. तरी मी डबल लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, कारण? मी लिहिलं, 'सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य.' आहे की नाही हुशारी! खरं कारण लिहायला हात धजला नाही.

केमिकल कंपनीच्या गार्ड केबिनच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत तुम्ही आम्हाला शिकवायचात. रिकामं रिव्हॉल्व्हर, नळीवर बाटलीचं बूच ठेवलेलं, आणि बूच न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. माझं बूच पडायचं ते पडायचंच. बोट दुखायला लागलं की मी हळूच अंगठ्यानं घोडा चढवून घ्यायचो, मग कसं, सोपं व्हायचं. तुम्ही एकदा पाहिलंत आणि टपली मारलीत. "लबाडी करतो? चाप लांब हाय तो पस्तावायला दिलेला टाईम हाय. गोली गेल्यावर पस्तावून काय करशील, मागून धावशील?" आम्ही सगळे हसलो. मी तर पोट धरून हसलो होतो. तेव्हा माझं वय पंचवीसही नव्हतं, आणि कमरेला हत्यार लागलं की गावात माझी चालच बदलायची. वाडीतले चिकू उतरवायला बोलावलं तरी मी युनिफॉर्मवर जायचो. काय तो तोरा!

मग तो आठवडा आला. कामगारांचं आणि मॅनेजमेंटचं बिनसलेलं, कुणीतरी आवई उठवलेली की तोंडाला फडकी बांधून माणसं येणार, गेट पेटवणार. दुपारची वेळ, मी आणि तुम्ही गेटवर. आणि आतून, प्लांटच्या बाजूनं, एक माणूस धावत येतोय. तोंडाला फडकं. दोन्ही हात वर, काहीतरी ओरडतोय, थेट माझ्याकडे. मी हत्यार काढलं. काढलं तर काढलं, अंगठ्यानं घोडाही चढवला. तुम्ही दोन पावलांवर होतात. ओरडलात, "घोडा सोड! सोड बोलतो ना!"

तुमच्या बोलीत घोडा म्हणजे मागची ती हातोडी, आणि सोड म्हणजे हात काढ तिच्यावरून. पण माझ्या घरी, गावात, पारावरच्या गप्पांत घोडा म्हणजे चाप. घोडा दाबला की गोळी, आणि सोड म्हणजे गोळी सोड. मला ऐकू आलं ते एवढंच, की उस्ताद म्हणतायत उडव त्याला. आणि मी दाबला. चढवलेला घोडा, उस्ताद. बोटाला काही कळलंसुद्धा नाही, पस्तावायला टाईम कुठला. आवाज मात्र झाला नाही. तुम्ही झेप घेऊन स्वतःच्या अंगठ्याच्या बेचक्यातलं मांस घोड्याखाली घातलं होतं, आणि घोड्याचं टोक त्यात रुतलेलं. तुम्ही कळवळला नाहीत. तो माणूस आमच्या शेजारून पुढे पळाला आणि गेटजवळच्या नळाखाली डोकं घातलं. "पानी, भैया, पानी." तोंडावर अ‍ॅसिड उडालेलं होतं त्याच्या. ओलं फडकं बांधून तो नळ शोधत होता. तुम्ही रक्त गळणाऱ्या हातानंच नळ सोडलात आणि मला म्हणालात, "बघत काय राहिलास? बादली भर."

केबिनमध्ये तुम्ही हाताला रुमाल गुंडाळत होतात आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. "चुकी तुझी नाय, शब्दाची हाय," म्हणालात. रुमालाची गाठ दातानं आवळलीत. मग, "पन चढवलास कशाला? भीती दाखवायला? भीती तर तुलाच वाटत होती." मॅनेजर आले, रक्त दिसलं, हत्यार टेबलावर. हे कुणाचं काम, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणारच होतो. नाही, खोटं कशाला लिहू, मी उघडणार नव्हतो. तुम्ही म्हणालात, "पोराला शिकवत होतो साहेब, माजाच हात अडकला." मला नोकरी लागून चार महिने झालेले, बायकोला सातवा महिना होता, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला वाटलं असेल, वर्षं काढलीत या गेटवर, आपल्याला काय करतील. आठ दिवसांत काढलं त्यांनी तुम्हाला. त्या आठ दिवसांत वर्गात तुम्ही 'घोडा' हा शब्दच बंद केलात. हातोडी म्हणा, बोलायचात. पोरं कुजबुजायची, ही गार्डची नोकरी आहे की सुतारकाम. पुढे दीड वर्षात तुमच्या जागी मी आलो.

दातिवऱ्याला, तुमच्या घरी, मी एकदाच आलो. सांगायचं ठरवून आलो होतो की साहेबांकडे जातो, खरं काय ते बोलतो. तुम्ही ओट्यावर जाळं घेऊन बसला होतात. अंगठा नीट मिटत नव्हता, सुई सारखी निसटत होती. तुमच्या बायकोनं चहा दिला. तुम्ही माझ्या पोरीचं विचारलंत, दात आले का, रांगते का. मी चहा प्यायलो, पोरीचं सगळं सांगितलं, आणि उठलो. निघताना तुम्ही सुक्या बोंबलांची पुडी हातात कोंबलीत, "पोरीच्या आईला दे, अंगावर दूध येल." बसमध्ये ती पुडी मांडीवर ठेवून मी रडलो. पण परत उतरलो नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी ड्युटीवर होतो, आणि रजा मागितली नाही.

आता कालचं सांगतो, त्यासाठीच तर लिहायला बसलो. काल नव्या बॅचला मी दोन्ही चाप समजावून दिले. पालघरकडची एक मुलगी आहे, चुणचुणीत, तिनं विचारलं, "सर, रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवून ठेवला तर बिघडतं कुठे?" म्हटलं, आज सांगायचंच. सांगितलं मी सगळं. गेट, फडकं, धावणारा माणूस, 'घोडा सोड', मध्ये घातलेला हात. आणि मग तीच मुलगी म्हणाली, "सर, घोडा कुणी चढवला होता?"

"आमचे उस्ताद," मी म्हणालो. "वय झालं होतं त्यांचं. घाबरले." आणि हात मध्ये घालणारा? तो मी, उस्ताद. पोरांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी.

उद्या पुन्हा त्याच बॅचचा वर्ग आहे. उद्या खरं सांगतो, असं लिहून हा कागद संपवायचा म्हणून बसलो होतो. पण तुमच्याशी तरी खोटं बोलवत नाही. नाही सांगणार मी.