शून्याच्या वरची पदं

प्रिय घुम्या,

पत्र बघून दचकू नकोस. अक्षर एवढं मोठं दिसतंय कारण जाड टोकाच्या पेनानं लिहितेय. ओळी तिरक्या जात असतील तर मान तिरकी कर. फोन करता आला असता, पण फोनवर तू "हं" म्हणतोस, मग पुन्हा "हं" म्हणतोस, आणि शेवटी मला माझंच बोलणं पटेनासं होतं. पत्राला "हं" म्हणता येत नाही. तेव्हा बाहेरच्या पेशंटना जरा बसव आणि निमूट वाच.

मी बरी आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. मला विचारलंही नाही. आता सगळी बिल्डिंग त्या जिन्यावरून झपाझप उतरते आणि श्रेय घेतात शिंपीणबाई. कॉलेजात मी क्रमिका, म्हणजे संख्यांच्या न संपणाऱ्या रांगा, आणि त्या जिथे सरकत जातात त्या सीमा हा धडा शिकवायला घेतलाय. हा धडा आला की मला तूच आठवतोस. शाईची दौत सांडलेला तुझा पांढरा शर्ट, बादली, आणि तू रडवेला. मी म्हटलं होतं, दर वेळी धुऊन पिळला की निम्मी शाई उरते असं धर. तू लगेच विचारलंस, "मग संपणार कधी?" कधीच नाही, म्हटल्यावर तू चिडलास. "संपतच नाही तर सीमा शून्य कशी म्हणतेस?" मी तुला म्हटलं, तू सांग शाई किती कमी हवी, मी सांगते कितव्या धुण्यानंतर ती कायम त्याहून कमीच राहील. तू आकडे सांगत गेलास, एकाहून एक बारीक, आणि मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. मग तू थांबलास आणि म्हणालास, "म्हणजे पोचायची गरजच नाही." डॉक्टर झालास तेव्हासुद्धा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

मागच्या वेळी डोळे तपासायला तुझ्या दवाखान्यात आले तेव्हाचं बोलायचं राहूनच गेलं. त्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, समोर नजर ठेवायची, कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, छान जमतंय. नंतर तू आधीच्या तपासण्यांचे कागद टेबलावर ओळीनं मांडलेस. प्रत्येक कागदावर मधला उजेडाचा तुकडा आधीपेक्षा लहान. मग तू उठलास, हात धुवायला गेलास आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलास. पाण्याचा आवाज ऐकत मी ते कागद बघितले. मलाही आकडे वाचता येतात, घुम्या. परत येऊन तू एवढंच म्हणालास, "ताई, आता झेपेल तेवढंच कर." बसमध्ये मी त्या वाक्याचा अर्थ लावत बसले होते. आता लागलाय.

वर्गात काय झालं ते सांगते, कारण ते तुला दुसऱ्याच कुणाकडून कळलेलं असणार. एका तासाला मी फळ्यावर व्याख्या लिहीत होते. हाताच्या सवयीनं लिहीत गेले आणि दुसरी ओळ पहिल्या ओळीवरच लिहिली गेली. पोरं चांगली आहेत रे, त्यांनी ती गिचमिड तशीच उतरवून घेतली असती. एक मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणतात. ती उठली, म्हणाली, "मॅडम, ओळीवर ओळ आलीये. वाचता येत नाही." मागून कुणीतरी तिला "गप्प बस" म्हणालं. मी म्हटलं, तिला नको गप्प करू, वर्गात खरं बोलणारी एक तरी असू दे. आणि खडू तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून मी बोलते आणि पोरं आळीपाळीनं फळ्यावर लिहितात. चुकीचं लिहिलं की बाकीचे ओरडतात. खरं सांगू, इतकी वर्षं मी लिहीत होते तेव्हा पोरं नुसती उतरवून घेत होती. आता ऐकतात.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना प्राचार्यांनी बोलावलं. समोर चहा ठेवला, त्यावरूनच ओळखलं की काहीतरी काढून घेणार आहेत. म्हणाले, "मॅडम, तुमच्या तब्येतीचा विचार करून हा विषय आपण नव्या सरांकडे देऊ. तुम्ही ग्रंथालय सांभाळा." नवे सर म्हणजे ज्यांना पोरं शॉर्टकट सर म्हणतात ते. भला माणूस आहे, पण सीमा म्हणजे काय हे न सांगता सीमा काढायला शिकवतो. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं. ते चाचरले. "घरच्यांनाच काळजी वाटली म्हणून फोन आला होता." घरचे म्हणजे कोण रे? आई-बाबा गेल्यावर घरचे म्हणजे तू आणि मी. मी तर फोन केला नाही. जन्मभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, आणि एकदाच आपणहून बोललास ते नेमकं नको तिथे.

चहा तसाच ठेवून मी उठले. म्हटलं, सर, काढायचं तर काढा, पण आधी एक तास मागच्या बाकावर येऊन बसा. ते आले. शॉर्टकट सरांनाही घेऊन आले. मी एक क्रमिका सांगितली आणि वकीलबाईनं ती फळ्यावर लिहिली: दोन, दीड, एक पूर्णांक एक तृतीयांश, सव्वा, आणि असंच पुढे, एकात मिळवायचा अपूर्णांक लहान लहान होत जाणारा. विचारलं, काय दिसतंय? "कमी कमी होतेय, मॅडम." कुठे चाललीये? अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला, "शून्याकडे." मी म्हटलं, का? "कारण दर वेळी कमी होतेय." वकीलबाई वळली आणि माझ्याऐवजी तीच भांडायला लागली. "अरे, कमी होणं वेगळं आणि शून्याकडे जाणं वेगळं. शून्यापासून अर्ध्याच्या आत एक तरी पद दाखवा." कुणालाच दाखवता येईना. कारण एकाच्या खाली ती क्रमिका उतरतच नाही. मग सीमा एक आहे हे सिद्ध कोण करणार? एका मुलानं हटून अंतर सांगितलं, एकापासून एक लाखांशाच्या आत. कोपऱ्यातली एक मुलगी, वर्षभर तोंड न उघडलेली, हळूच म्हणाली, "लाखाव्या पदानंतरची सगळी." तास संपला तरी कुणी उठेना. शॉर्टकट सर बाहेर पडताना मला म्हणाले, "मॅडम, मी पुढच्या तासालाही बसलो तर चालेल?" प्राचार्य मात्र सरळ आपल्या खोलीकडे निघून गेले.

आता तुझ्याशी. तू ते कागद ओळीनं मांडलेस आणि मनातल्या मनात उत्तर काढून मोकळा झालास. दर वेळी कमी, म्हणजे शून्य. हेच उत्तर तू परीक्षेत लिहिलं असतंस तर मी भोपळा दिला असता. डोळे म्हणजे गणित नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. तुझ्या विद्येपुढे मी अडाणी आहे, आणि सीमा शून्य असेलही. पण मोजक्या कागदांवरून ती ठरत नाही, हे तुलाही ठाऊक आहे, नाहीतर नळापाशी एवढा वेळ उभा राहिला नसतास. आणि समजा असली शून्य. तरी त्याआधीचं प्रत्येक पद शून्याच्या वर असू शकतं ना? मला जगायचंय ते त्या पदांत. तिथे फळ्यासमोर पोरं भांडतात, तिथे मला काम आहे. तू मला आत्तापासून सीमेवर नेऊन बसवू नकोस. ग्रंथालयातल्या खुर्चीवर तर नाहीच.

काल प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी चहा नव्हता. म्हणाले, मुलं फळ्यावर लिहिणार असतील तर मी शिकवायला समर्थ आहे, असं नेत्रतज्ज्ञानं लेखी द्यावं, मग वर्ग माझाच. असं पत्र मला या शहरातला कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर तपासून देईल. पण मला ते तुझ्याकडूनच हवंय. मला न विचारता तू माझ्याबद्दल एकदा बोललास, आता मी सांगतेय म्हणून बोल. तपासणी पुन्हा करायची तर कर, जे दिसेल ते खरं लिही, एक अक्षर वाढवू नकोस, फक्त माझ्या वतीनं घाबरू नकोस. हे मागायलाच पत्र लिहायला बसले होते, बाकीचं ओघात आलं. शनिवारच्या पहिल्या बसनं मी येतेय. आणि तुझी सही मिळो न मिळो, सोमवारी सकाळी वर्गात मीच असणार आहे.

तुझीच, आणि कायम तुझ्याहून मोठीच,
ताई