ईव्हनटाइड

वसई, ८ जानेवारी २०२५

चि. मनोरमा, अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. परवा मी पुन्हा गॅस चालूच ठेवला. सिद्धेश वालीवच्या कारखान्यात, सूनबाई ऋतिका मुंबईला नोकरीवर. दिवसभर घरात मी एकटा. दमून आलेली पोरं आधी स्वयंपाकघरात धावतात, ते बघवत नाही. सिद्धेशने कामणच्या पुढे वृद्धाश्रम पाहिलाय, ‘ईव्हनटाइड’. मीच हो म्हणालो.

जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी पाटीवरच्या त्या नावाशी थबकलो. जुना शब्द, आता कुणी बोलत नाही. चर्चमधल्या जुन्या प्रार्थनांत सापडेल. ‘टाइड’ म्हणजे इथे भरती नव्हे, वेळ. संध्याकाळची वेळ. उच्चारला की घंटा, गार वारा, परतलेली गुरं असं काहीबाही मनात येतं. म्हाताऱ्यांसाठी नाव छान शोधलंय. वीस तारखेला सिद्धेश कामावरून आला की निघायचं. मी थकलोय, मने.

तुझा,
सदादादा

चांदीप, १४ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

एवढा मोठा मास्तर तू, आणि साधा अर्थ सुचला नाही? ही तर आपली तिन्हीसांज. त्या वेळी आई केरसुद्धा बाहेर टाकू देत नसे. निघालेल्या पाहुण्याची पिशवी काढून घ्यायची; म्हणायची, जेव, झोप, उद्या जा. तिन्हीसांजेला माणूस घराबाहेर काढत नाहीत रे. सिद्धेशवर राग नाही, पोरं किती दमतात ते कळतं मला. पण जायचंच तर सकाळी जा. रडू येतंय, इथेच थांबते.

माया आहे तशी राहू दे.
तुझी मनू

वसई, १० फेब्रुवारी

चि. मनोरमा, आशीर्वाद.

त्या दिवशी सिद्धेश आला तेव्हा शेजारच्या कार्मिनबाई दिवा लावत होत्या. मी चपला घालून, पिशवी दाराशी ठेवून तयार. तुझं म्हणणं त्याला सांगितलं, एवढंच. तो बूट न काढताच पिशवीशेजारी बसला. मग म्हणाला, बरं, सकाळी जाऊ. सकाळी त्याला पाळी गाठायची होती. परतला तेव्हा पुन्हा दिवेलागण. रविवारी बिचारा दुपारपर्यंत झोपतो, ऋतिका उठवू देत नाही.

असं रोज चाललंय. ऋतिकाने कार्मिनबाईंना किल्ली दिलीय. त्या दुपारी येऊन आधी गॅस बघतात, मग मला. पिशवी अजून दाराशीच आहे. काल गारठा होता. सिद्धेशने तिच्यातून माझा स्वेटर काढला आणि माझ्या अंगात घातला.

तब्येत जप, आठवण ठेव.
सदादादा