सहावा खिळा

मंगळवार, ५
फळ्यावर आज ८३! त्र्याऐंशी दिवस एकही खिळा पात्यांपर्यंत पोचलेला नाही, खिळ्यापायी पट्टा एकदाही थांबलेला नाही. नव्वद भरले की कंट्रोल रूममधली खुर्ची माझी — मुकादमांनी सगळ्यांदेखत कबूल केलंय. खुर्ची! नऊ वर्षं या आवारात उभी आहे मी. ओंडके येतात, मी त्यांच्यावरून धातू शोधायचं दांडकं फिरवते. (त्याचं नाव टिटवी. ओरडतेच तशी.) मग ते साल सोलायला, तिथून पात्यांखाली तुकडे व्हायला, तिथून टाकीत शिजून लगदा व्हायला. लगद्याचा कागद. कागदावर माझी बडबड!

बुधवार, ६
टाकीचा वास — उकडलेल्या कोबीचा. इतकी वर्षं काही वाटलं नाही, आता सकाळी सकाळी पोट ढवळतं. खुर्ची हवीच.

शुक्रवार, ८
टिटवी बोंबलली! एका ओंडक्यात पाच खिळे. एका ओळीत, चार-चार बोटांवर, एक वाकडा. अंगणातलं झाड असणार. ओंडक्याला खिळे मारणाऱ्या त्या दिवट्याला माझ्यासमोर उभा करा, मग बघते! पातीवाले काका म्हणाले, "अगं, वाचलीस. एक जरी आत गेला असता तर पातं गेलं असतं आणि तुझी खुर्चीही."
पाचही उपटले, ओंडक्यावर खडूने 'साफ' लिहिलं, सोमवारच्या ढिगात लावला. खिळे पर्समध्ये. शत्रूची आठवण.

रविवार, १०
माहेरी गेले. विहिरीजवळचं झाड गायब!
"छपरावर झुकलं होतं," आई म्हणाली. बाबांची कॉलर ताठ — "मुद्दाम तुझ्याच गिरणीत पाठवलं. पोरीकडे गेलं म्हणजे घरातच राहिलं की!"
पर्स उघडून खिळे ओट्यावर ओतले. बाबा एकेक उचलून बघत राहिले. "हे तर तुझे वाढदिवस! दरवर्षी तुला झाडाला टेकवून उभं करायचो आणि डोक्याच्या उंचीवर खिळा ठोकायचो. हा वाकडा — त्या वर्षी तू हललीस."
दिवटे सापडले! एकाला दोन — ठोकणारे बाबा आणि टेकून उभी मी. मी हसत सुटले. तेही हसले. मग त्यांनी परत मोजले.
"पाचच? मी सहा ठोकले होते. पहिला भलामोठा होता. हौस! पार आत घातला होता."
माझ्या टिटवीला चार बोटांपेक्षा खोलातलं ऐकू येत नाही.

सोमवार, ११
फळ्यावर ८९. धावत आवारात पोचले तर ढीग निम्मा संपलेला. 'साफ' लिहिलेला ओंडका पट्ट्यावर, पात्यांच्या तोंडाशी. माझंच अक्षर!
एक क्षण वाटलं — नसेलच आत काही. बाबांना तरी काय आठवतंय! एकच दिवस, मग खुर्ची.
लाल बटण दाबलं. सगळी गिरणी गप्प. काकांनी ओंडका खाली घेऊन चिरला. बोटाएवढा खिळा, काळा पडलेला.
खिळा आपल्या माणसाचा असो वा परक्याचा, पट्टा थांबला की फळा पुसायचा. मी स्वतःच पुसला. शून्य काढताना रडू आलं. आलं तर आलं.
मुकादम म्हणाले, "नियम म्हणजे नियम, बाई. पुन्हा नव्वद मोज. खुर्चीची एवढी घाई कसली तुला?"
मी टिटवी उचलली आणि पुढच्या ओंडक्याकडे वळले.

मंगळवार, १२
फळा: १. पाय सुजलेत. सहा खिळे खिडकीत ओळीने मांडलेत. नवरा म्हणतो, आता तरी सांग सगळ्यांना.

बुधवार, १३
बाबांचा फोन. विहिरीजवळ नवीन रोप लावलंय, या वेळी छपरापासून लांब. मी दम भरला, "याला खिळे ठोकायचे नाहीत हं! खडूने खुणा करायच्या."
"कुणाच्या खुणा? तू काय आता वाढणारेस होय?"
"वाढणारेय," म्हटलं, "पण आडवी. आणि सहा महिन्यांनी एक जण येतंय, ते उभं वाढेल."
मग म्हणाले, "खडू आणून ठेवतो."