तू बदललेला शेवट

आई, शिरवण्याच्या त्या खोलीत तू पुस्तकातली गोष्ट वाचता वाचता बदलत होतीस, हे मला सातवीत असताना कळलं. तोवर माझी समजूत होती की छापलंय तेच तू वाचतेस. आज इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात आमच्या नेरुळच्या सोसायटीत बायकांचा कार्यक्रम झाला. पाहुण्या बाई छान बोलल्या. कादंबऱ्यांमधल्या नायिकांकडून बायकांनी आत्मविश्वास शिकावा, स्वतःची ताकद ओळखावी, नायिका मान वर करून बोलते तसं आपणही बोलावं, असं बरंच काही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मला अशा बोलण्याचा पहिल्यापासून संशय येतो. नायिकेला लिहिणारा कोणीतरी असतो, तो तिला उंबऱ्याबाहेर काढतो आणि तिथंच पुस्तक मिटून टाकतो. पुढे ती कुठे राहिली, काय शिजवलं, आजारी पडली तेव्हा कोणी पाहिलं, हे त्याला विचारायला कोणी जात नाही. मी हात वर करून एवढंच विचारलं, की पुस्तक संपल्यावर ती बाई कुठे राहते हो? बाई हसल्या, म्हणाल्या, ‘वाचणाऱ्यांच्या मनात.’ पुन्हा टाळ्या. मला तुझी आठवण झाली, आणि दुसऱ्या एका बाईची.

तू तेव्हा बेलापूर रोडवरच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होतीस. दिवसभर उभं राहून बाटल्यांना लेबलं लावायची, बाटल्या खोक्यात भरायच्या. कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. माझी शाळा सकाळची, त्यामुळे शुक्रवारी दुपारी मी घरी असायचे आणि तुझ्या खात्यातल्या चार-पाच जणी आपल्या दारात येऊन बसायच्या. कोणी तांदूळ निवडायला आणायची, कोणी सुकटीची डोकी मोडत बसायची. त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. तू महाडकडच्या खेड्यातून सातवी होऊन आलेली. वाशीला एका गाळ्यात लायब्ररी होती, तिथून तू कादंबऱ्या आणायचीस आणि शुक्रवारी मोठ्यानं वाचायचीस. वाचताना तुझा आवाज बदलायचा. कोकणातला हेल जायचा, मान ताठ व्हायची. नायिका सासऱ्याला काय म्हणाली, साहेबाला काय म्हणाली, हे तू असं वाचायचीस की सुकटीतले हात थांबायचे. अण्णा घरी आले की पुस्तक पिठाच्या डब्यामागे जायचं. नवरा म्हणून ते काही मारझोड करणारे नव्हते, फक्त हसायचे. ‘झालं का भाषण?’ म्हणायचे. त्यांना तू कधी उत्तर दिलं नाहीस.

हे मी बघत होते. मुलं बघतात, आई, आणि हिशेबात न घेतलेली मुलं जास्त बघतात. एकदा खोलीची किल्ली द्यायला मी कारखान्याच्या गेटवर आले होते. आतल्या अंगणात तुमचा सुपरवायझर तुला झापत होता. लेबलं तिरकी लागली होती म्हणे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा असेल तो, आणि तुला ‘ए बाई’ म्हणत होता. तू खाली बघून म्हणालीस, ‘चुकलं साहेब.’ मग आणखी एकदा, ‘चुकलं.’ मी किल्ली वॉचमनकडे ठेवून निघून गेले. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तू वाचत होतीस, की तिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाली, माझ्याशी या भाषेत बोलायचं नाही. दारातल्या बाया ‘अगं बाई’ म्हणाल्या. मी आत अभ्यासाला बसले होते, वहीवरची माझी पेन्सिल मोडली. तुझ्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी गेला, असं मोठं वाक्य मी इतकी वर्षं मनात घोळवलं आहे. खरं एवढंच असेल की मला लाज वाटली, आणि ती कोणावर टाकावी ते कळलं नाही.

मग ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं. एका मास्तरणीची गोष्ट होती. तिचा नवरा तिला छळतो, ती घर सोडते, दुसऱ्या गावी शिवणाचे वर्ग काढते. तू शिफ्टला गेलीस की मी ते वाचायचे आणि तुझ्या आधी संपवलं. पुस्तकात ती शेवटी परत जाते. नवरा आजारी पडलाय असं कळतं, ती उंबऱ्यावर डोकं टेकते, आपण वाट चुकलो होतो म्हणते, आणि सासू तिला पोटाशी धरते. शुक्रवारी मी मुद्दाम दाराजवळ बसले. तू शेवटच्या पानांवर आलीस आणि डोळे पानावरच ठेवून, पानं बरोबर वेळेवर उलटत, भलतंच वाचायला लागलीस. तुझ्या गोष्टीत नवरा न्यायला येतो. ती त्याला पाणी देते, पाहुण्याला द्यावं तसं. म्हणते, आलात, बरं केलंत, आता निघा. आणि आतून कडी घालून शिवायला बसते. मग तुझ्या शेजारी उभी राहून काम करणारी ती, जिला सगळ्या ‘घणसोलीची’ म्हणायच्या, ती म्हणाली, ‘पानी दिलान त्याला! बरा केलान.’

त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस तेव्हा मी विचारलं. तू नाही म्हणाली नाहीस.

‘त्या लिहिणाऱ्याला काय माहिती तिचं पुढं काय झालं?’

‘मग तुला माहिती?’

‘मलाही नाही. पण ती परत गेली म्हणून ह्या बायांना कशाला सांगू? परत जायला त्यांना पुस्तक लागत नाही.’

‘म्हणजे तू खोटं वाचतेस.’

तू भाकरी तव्यावर टाकलीस, हात पुसलेस आणि माझ्याकडे बघितलंस. ‘तुला अक्षर येतं, त्यांना येत नाही. त्याची मिजास करायची नाही. कळलं?’ तू मला फारसं रागावत नसायचीस, म्हणून ते लागलं. मला वाटलं, मिजास कोण करतंय? शुक्रवारी ताठ बसून नसलेलं वाचणारी तू, की मी?

घणसोलीची माहेरची शिरवण्याचीच, आपल्या खोलीपासून चार घरं सोडून तिच्या भावाचं घर. नवरा मारायचा म्हणून ती भावाकडे येऊन राहिली होती, तीन वर्षांचा मुलगा मात्र सासरी घणसोलीलाच अडकला होता. ती परत जाणार हे सगळ्या धरून चालल्या होत्या, तिच्यासकट. त्या शुक्रवारनंतर ती बदलली. मला हे कबूल करायला आवडत नाही, पण बदलली. तुझ्याकडून नाव लिहायला शिकली. पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी सही केली तेव्हा तुम्ही खात्यात पेढे वाटलेत. तिचा नवरा सुट्टीच्या वेळी गेटवर येऊन उभा राहायचा. आधी ती मागच्या वाटेनं पळायची, आता समोरून जायला लागली. एक दिवस तिनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं म्हणे, ‘आलास, बरा झाला, आता नीघ.’ तू घरी येऊन मला हे सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा उजळला होता. ‘बघ,’ म्हणालीस. एवढंच. मी बघितलं आणि मला भीती वाटली, कारण ते वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती ज्या जमिनीवर उभी होती ती तू केलेली होती, आणि तू तर ‘चुकलं साहेब’ म्हणणारी.

ते पुस्तक तू मुदत वाढवून वाढवून ठेवलं होतंस, बायांना पुन्हा ऐकायचं असायचं. तुझी दुसरी शिफ्ट होती तेव्हा एका दुपारी ती आली. मी एकटीच होते. ती दारातच बसली. म्हणाली, भावजय घरात ठेवायला तयार नाही, रोज बोलते, पोराची पण आठवण येते. ‘बाय, मना तो शेवट वाचून दाखव गो. ती कडी घालते ना, तेवढाच. ऐकला म्हंजे बरा वाटेल.’

मी पुस्तक काढलं. मला तुझ्यासारखं बनवून वाचता आलं असतं, शेवट मला पाठ होता, तुझाही आणि छापलेलाही. मी छापलेला वाचला. सावकाश, एकही शब्द न गाळता. उंबरा, डोकं टेकणं, वाट चुकले, सासू. वाचून झाल्यावर ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली, जणू तिला वाचता येत होतं.

‘ह्यान हेच लिवलाय?’

‘हेच.’

‘मंग तुजी आय?’

‘आई बदलून सांगते.’

तिनं पाणी मागितलं. प्यायली, भांडं विसळून पालथं ठेवलं आणि गेली. मी खरं बोलले होते. मला तेव्हा फार बरं वाटलं, हेही लिहायला हवं. चांगले मार्क मिळाल्यावर वाटतं तसं.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. ती घणसोलीला परत गेल्याचं बायांनी सांगितलं. महिन्या-दोन महिन्यांनी ती कामावर आली तेव्हा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. लेबलं लावता येईनात, मग तिनं काम सोडलं. त्या दिवशी तू घरी येऊन चप्पल न काढताच बसलीस. ‘मीच तिला खोटी हिंमत दिली,’ म्हणालीस. ‘गेटवर त्याला बोलली, त्याचंच उट्टं त्यानं काढलं. पुस्तकातल्या बायांना मार लागत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं.’ मी जवळच उभी होते. तू माझ्याकडे बघून विचारलंस, ‘पण ती परत का गेली असेल गं? एवढी ठाम होती.’ मी म्हणाले, मुलासाठी गेली असेल. तू मान हलवलीस. दुसऱ्या दिवशी पुस्तक लायब्ररीत गेलं आणि पुन्हा काही आलं नाही. शुक्रवारी बाया यायच्या, तू त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायचीस. कोणी म्हणालं वाच ना, तर म्हणायचीस, ‘चष्मा लागलाय.’ तुला चष्मा लागला नव्हता.

त्यानंतर मी कादंबऱ्या वाचणं सोडलं नाही, उलट वाढवलं, पण झडती घेतल्यासारखी वाचायचे. नायिका धीट झाली की माझा पहिला प्रश्न, हिला कोण धीट करतंय आणि त्याचा त्यात काय स्वार्थ? अजूनही तसंच वाचते. पाहुण्या बाईंचा राग आला तो त्यामुळे. त्या म्हणत होत्या की नायिका वाट दाखवते. मला विचारायचं होतं, आणि त्या वाटेवर चालणारीचा हात मोडला तर? पण हेही आता मला सरळ वाटत नाही. हात मोडला तो तुझ्या शेवटानं मोडला की माझ्या?

तुला वाशीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते, एका ऑफिसात टायपिस्ट. दुपारच्या भेटीच्या वेळी मी वॉर्डाबाहेर उभी होते आणि समोरून ती आली. अंगानं भरली होती, नायलॉनची चांगली साडी, हातात केळी. उजवा हात जरा वाकडा राहिला होता. मला लगेच ओळखलं तिनं. ‘तू ती वाचनारी पोर ना?’ तुझ्या जुन्या खात्यातल्या कोणाकडून तिला तुझं कळलं होतं. मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, आता तुर्भ्याला राहते, पोराला घेऊन, मच्छी विकते. ‘परत भायेर पडले मी. दुसऱ्यांदा. आता नाय जात.’

मी म्हणाले, ‘पुस्तकामुळे?’ माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे.

‘छे गो. पुस्तकानी कोन घर सोडतं? ह्योच हात पुन्हा पिरगळलान तवा घर सोडला.’ मग थांबून म्हणाली, ‘पन कडी घालताना तुजे आयचा आवाज येत होता कानात. तेवढाच सांगायला आलेय तिला.’

तिनं माझ्या वाचण्याबद्दल काही विचारलं नाही. विसरली होती, की मला वाचवत होती, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. पण मला वाटलं, ती आत जाईल, तू विचारशील, एवढी ठाम होतीस तर परत का गेली होतीस? आणि ती सांगेल. मी म्हणाले, ‘आई झोपलीय. आत्ताच डोळा लागलाय. उद्या ये ना.’ तिनं केळी माझ्या हातात दिली, म्हणाली, उद्या बाजार हाय, परवा येते. ती जिना उतरेपर्यंत मी बघत राहिले.

मी आत आले. तू उशाला टेकून बसली होतीस, पूर्ण जागी. ‘कोण होतं गं?’ विचारलंस. मी म्हणाले, ‘शेजारच्या खाटेची पाहुणी.’ तू म्हणालीस, ‘आवाज ओळखीचा वाटला.’ आणि परवाच्या आत तू गेलीस.

तिचं तुर्भ्याचं घर मी कधी शोधलं नाही. तू बदललेला शेवट कोणीतरी जगून दाखवला, हे तुला कळायला हवं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक आहे. हे कागद मी फाडून टाकणार आहे. तुला पोचणार असते, आई, तर मी हे लिहिलंच नसतं.