बिचारा

३ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम मालकांनी तुला दिलं, अभिनंदन. पण दोन पिढ्या ते आपल्या कारखान्यातून खुर्च्या घेतात. माझ्या कामात त्यांनी एक खोट काढली नाही, उलट पाठीवर हात ठेवून तब्येतीची चौकशी केली! माझ्याबद्दल काय विष कालवलंस, ते खरं सांग.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

विष कशाला कालवू? गाद्यांची मापं घेता घेता मी मालकांना एवढंच म्हणाले, की दादा बिचारा फार करतो. बस.

आठवतंय ना? गिऱ्हाईक खुर्चीत ऐसपैस बसून वा वा करायचं, गादी कोणी भरली विचारायचं. तू म्हणायचास, आमची बहीण, बिचारी असते मागे. लगेच तोच माणूस उठून अंगठ्याने गादी दाबून बघायचा. बाबा गेल्यावर कारखान्यात भागीदारी मागितली, तेव्हाही सगळ्यांसमोर म्हणालास, बिचारीला कुठे झेपणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. वेगळी झाले ती त्याच दिवशी. तुझा शब्द तुला परत केला, दादा. मला फार बरं वाटलं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर लोभ ठेवायचा तर ठेव.

ठकी

१५ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

चुकलो, बाई. पण हे आवर. चोर म्हणाली असतीस तर चार माणसांत भांडलो असतो. बिचारा म्हटल्यावर भांडू कुणाशी? कारागीर माझ्यापुढे आवाज खाली करतात. तुझी वहिनीसुद्धा हल्ली उलट बोलत नाही, यावरून काय ते समज! उद्या काम कोण देईल मला? मालकांना भेट आणि तो शब्द मागे घे. एवढं ऐक.

दादा

२२ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गेले होते. मालकांना स्पष्ट सांगितलं, की दादा बिचारा वगैरे काही नाही, चांगला खमक्या आहे, लाकडातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, बहीण असावी तर अशी, किती झाकून घेते बिचाऱ्याला!

मी घरी येईपर्यंत हसत होते.

तुझीच,
ठकी