राखाडी घोंगडीचा हत्ती

वारजे, पुणे
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. तुळजामावशी,

तुम्हाला माझा रामराम आणि आईच्या वतीने जयभीम. क्वार्टर्समध्ये रोज सकाळी नळावर तुम्ही दोघी एकमेकींना हेच म्हणायचात, म्हणून दोन्ही लिहिले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. बाबांची तब्येत चांगली आहे. ऐकू कमी येतं, त्यामुळे घरातली भांडणंही कमी झाली आहेत.

"वाचताना डोळं लई पुढं पळत्यात तुझं, पोरी," असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. डिसेंबर सत्त्याऐंशी. तुम्ही तांदूळ निवडत होतात आणि मी तुमच्या लोखंडी ट्रंकेवर बसून उत्तरेश्वरकाकांचं तुम्हाला आलेलं पत्र वाचून दाखवत होते. मी चौथीत होते. मला वाटलं, मी भरभर वाचते म्हणून तुम्ही कौतुक करताय.

तुमचा पत्ता समाधानने दिला. मी बुधवार पेठेत जुना ट्रान्झिस्टर शोधत फिरत होते. एका दुकानात दुरुस्तीच्या टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "जुना आणि चालू पाहिजे, की जुना नुसता दिसायला?"

मी म्हटलं, "सिनेमासाठी हवाय. घोरपडीच्या फौजी क्वार्टर्समधलं घर आहे, सत्त्याऐंशी सालचं."

तेव्हा त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहून म्हणाला, "हत्तीचं तोंड ना तू?"

"आणि तू मागचे पाय."

"नुसते पाय काय म्हणतेस? सगळं ओझं माझ्यावर होतं."

ट्रान्झिस्टरच्या किमतीत त्याने एक रुपयाही सोडला नाही, हेही तुमच्या कानावर घालते. बार्शीचा मुलगा पुण्यात पुरता मुरलाय. निघताना म्हणाला, "आई फोनवर धड बोलत नाही. तिला पत्र लिही. पत्र आलं की दोनदा वाचते, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने."

तर मावशी, मी सिनेमा केला आहे. आपल्या क्वार्टर्सवर. आम्हा मुलांचे सगळे बाबा शांतिसेनेतून श्रीलंकेत गेले होते त्या हिवाळ्यावर. सगळं एका नऊ वर्षांच्या मुलीला दिसतं तेवढंच दिसतं. तिच्या उंचीच्या वर कॅमेरा जात नाही. सिनेमा चांगला झाला आहे. खोटी नम्रता दाखवून काय करू, तो खरंच चांगला झाला आहे. पैसे घालणारे सलिल देशमुख आधी कुरकुरत होते. "अहो, लोकांना सांगायचं युद्धाचा सिनेमा, आणि पडद्यावर दोन बायका बटाटे सोलताहेत?" मी म्हटलं, "हो. सोलणारीचा नवरा कुठे आहे ते तिलाच माहीत नाही, एवढं कळलं की ते बटाटेही बघवत नाहीत." आता तेच सगळ्यांना बटाट्यांचा प्रसंग मुद्दाम दाखवतात.

लंकेवरून झालेलं आमचं भांडणही त्यात आहे. समाधान म्हणायचा, तिथे रावण असतो, तुम्ही सांगितलंय. मी म्हणायची, तिथे बुद्धाची माणसं राहतात, माझ्या आईने सांगितलंय. मग आपले बाबा नक्की कुणाशी लढताहेत, हे विचारायला आम्ही दोघं तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "त्यांचं त्यांना तरी ठावं हाय का?" आई केवढी हसली होती.

मी तुमच्यासाठी पत्र वाचायची, तेही आहे. क्वार्टर्समधली शाळेत जाणारी मुलं ज्या बायकांना वाचता येत नसे त्यांची पत्रं वाचायची आणि उत्तरंही लिहायची. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आज वाटतं, नवरा-बायकोमधला सगळा व्यवहार आपण चौथीतल्या मुलांच्या हाती दिला होता.

तो प्रसंग सप्टेंबरमध्ये चित्रित केला. मुलीचं काम स्पृहा नावाची चिमुरडी करते, नऊच वर्षांची. तिच्या हातातलं पत्र मीच एका बैठकीत लिहून दिलं होतं. स्पृहाने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "ताई, पत्रात एक ओळ जास्त आहे. माझ्या डायलॉगमध्ये ती नाहीये. वाचायची का सोडायची?"

मी पत्र हातात घेऊन पाहिलं. ती ओळ माझ्याच अक्षरात होती. लिहिताना मला कळलंसुद्धा नव्हतं.

मावशी, ही ओळ तुम्हाला माहीत आहे. मी ती तुम्हाला कधी सांगितली नाही, तरीही माहीत आहे. आता लिहितेच.

काकांनी लिहिलं होतं, "सुट्टी वीस जानेवारीपासून महिनाभर मिळते आहे. आत्ता गावी येऊ, का मे महिन्यात धाकट्याच्या लग्नाला येऊ? तू म्हणशील तसं. उलट टपाली कळव."

माझे डोळे त्या ओळीवरून पुढे पळाले. भरभर वाचण्याच्या नादात नाही. मी ती नीट वाचली आणि सोडली. काका जानेवारीत गावी आले असते तर तुम्ही समाधानला घेऊन बार्शीला गेला असतात आणि सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात आमचा हत्ती झाला नसता. मागच्या पायांना दुसरं कुणी तयार नव्हतं. एवढंच कारण होतं. गेली अडतीस वर्षं मी त्याच्यापेक्षा मोठं कारण शोधते आहे, सापडत नाही.

उत्तरही मीच लिहिलं. तुम्ही सांगितलंत तसंच, अक्षर न अक्षर. समाधानचा खोकला, रॉकेलची रांग, नवा शिवणवर्ग. त्यात सुट्टीचा शब्द नव्हता, कारण तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. काकांनी वाट पाहिली असेल आणि धरून चालले असतील की तुमच्या मनात मे महिनाच आहे.

हत्ती छान झाला. राखाडी फौजी घोंगडीचा. काकांच्या जुन्या पँटचा एक पाय कापून तुम्ही सोंड शिवून दिलीत. समाधान मागे आणि मी पुढे. तो डावीकडे निघाला आणि मी उजवीकडे. हसून हसून तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

सहा फेब्रुवारीला शनिवार होता, सकाळची शाळा. आम्ही परत आलो तेव्हा जीप आवारात शिरत होती. सगळ्या बायका घरात गेल्या. ती कुणाच्या दारात थांबते ते पाहायला एकही बाहेर थांबली नाही. फक्त मुलं थांबली. जीप तुमच्या दारात थांबली. समाधानने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा आले?" त्याच्या हातात माझी कंपासपेटी होती. ती त्याने मला परत दिली आणि पळत घरी गेला.

काका गेल्याची बातमी आली ती तारीख त्यांच्या सुट्टीतली होती. चौथीतल्या मुलीला तेवढी वजाबाकी येते.

माझे बाबा मार्चमध्ये आले. ते ट्रंक घेऊन जिना चढत होते तेव्हा मी मोरीत कडी लावून बसले होते. आईला वाटलं, लाजली.

तुम्ही गावी गेलात. नव्वद साली आईच्या नावाने तुमचं पोस्टकार्ड आलं. मोठं अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या. "कांताबाईस रामराम. मला आता वाचता येतं. ह्यांची समदी पत्रं मी स्वता वाचली. कल्याणीला आशीर्वाद सांगा." आईने शेजारणीलाही ते वाचून दाखवलं, इतका आनंद झाला तिला. मला म्हणाली, "मावशीला चार ओळी लिही." मी लिहिते म्हटलं. टाकलं म्हटलं. मी कधीच लिहिलं नव्हतं. आई दोन वर्षं तुमच्या उत्तराची वाट पाहत होती. मग म्हणाली, "तुळजाचं लक्ष उडालेलं दिसतंय आपल्यावरून." आईला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुमच्या नावावर हा आळ मी राहू दिला, याचीही क्षमा मागते.

ते कार्ड माझ्याकडे आहे. 'समदी' या शब्दाखाली तुम्ही रेघ ओढली होती का, की पेन अडखळलं होतं, मला आजही सांगता येत नाही. हे पत्र म्हणजे त्या कार्डाचं उत्तर समजा.

त्या दिवशी स्पृहाला मी म्हटलं, "सोड ती ओळ. पण सोडताना आधी नीट वाच, मनात." तिने तसंच केलं. पोर गप्प झाली, तिने एकदा सिनेमातल्या मावशीकडे पाहिलं आणि पुढची ओळ म्हटली. पहिल्या प्रयत्नात. हा प्रसंग मी आता काढणार नाही, मावशी. तुम्ही रागावलात तरी काढणार नाही. नावं बदललेली आहेत, गावही बदललं आहे. ओळ सोडली ती मी, म्हणून हे दाखवण्याची जबाबदारी माझी आहे.

ओळ मात्र काकांची आहे. ती तुमच्यासाठी होती.

सिनेमात ती गप्प होते तेव्हा आठ सेकंद नुसता स्टोव्हचा आवाज आहे. वीस तारखेला सिनेमाचं सगळं काम कायमचं बंद होईल, त्यानंतर काही बदलता येणार नाही. ते आठ सेकंद मी मोकळे ठेवले आहेत. तिथे ती ओळ वाचायला मोठ्या नटीचा आवाज घ्या असं सगळे म्हणतात. मी नाही म्हटलं. तुम्ही नकार दिलात तर स्टोव्हच राहील, आणि तेही चुकीचं होणार नाही.

समाधानला यातलं काही मी सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणालात तर मी स्वतः दुकानात जाऊन सांगेन.

तुम्ही नाहीच म्हणाल, असं मला वाटतं. तुमच्या जागी मी असते तर पाकीटसुद्धा परत पाठवलं असतं. तरीही विचारते. ट्रंकेतलं ते पत्र काढून, सुट्टीची ती एक ओळ तुमच्या आवाजात मला वाचून दाखवाल का?

तुमची,
कल्याणी
(हत्तीचं तोंड)